पाण्याच्या खोलीचा नंबर

वैष्णवीचं लग्न होऊन तीन महिने झाले होते, तरी जुळे सोलापुरातल्या त्या सोसायटीत तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. सकाळी स्कूटीवरून बँकेत जायचं, संध्याकाळी भाजी घेऊन परत यायचं, जिन्यात कुणी भेटलं तर हसायचं. लोकांच्या लेखी ती 'अभिमन्यू सरांची मिसेस' होती. तिचं नाव विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि आपणहून सांगायचं तिलाही सुचलं नव्हतं.

अभिमन्यू इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायचा. घरीही त्याच्या डोक्यात तेच चालू असायचं. वैष्णवीला गणिताचा मनापासून कंटाळा. बँकेच्या परीक्षेसाठी तिने भागाकाराच्या कसोट्या, शेकडेवाऱ्या, नफातोटे सगळं घोकलं होतं आणि नोकरी लागल्याच्या आठवड्यात ती पुस्तकं रद्दीत घातली होती. लग्न ठरल्यावर दोघं पहिल्यांदा सिद्धेश्वर तलावाच्या काठाला फिरायला गेले, तेव्हा या माणसाने तिला कसल्याशा दहा अंकी संख्येबद्दल सांगितलं होतं. भेळ संपली तरी ती संख्या संपली नव्हती. ती पाण्यातली बदकं बघत मान हलवत राहिली. मुलगा बाकी चांगला आहे, असं तिने घरी येऊन आईला सांगितलं.

तर एका रविवारी सकाळी अभिमन्यू पुण्याहून विमानाने गुवाहाटीला निघाला होता, प्राध्यापकांच्या कुठल्याशा प्रशिक्षणाला. वैष्णवी एकटीच चहा घेत बसली होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असूनही थाप, म्हणजे काम तातडीचं.

दारात सोसायटीचे चेअरमन उदयसिंह उभे होते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, आवाज अजून कारखान्यातलाच.

"वहिनी, पाण्याच्या खोलीचा नंबर सांगा."

"कसला नंबर?"

"कुलपाचा. सरांनी ठेवलेला. पाणी आलंय आणि खोली बंद आहे."

वैष्णवीला तो नंबर माहीत नव्हता. तसं तिने सांगितलं, तर उदयसिंहांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती स्वतःच्या नवऱ्याचं नाव विसरली आहे.

खाली जाता जाता त्यांनी तिला सगळी हकिगत सांगितली. पाणी चार-पाच दिवसांतून एकदा यायचं, तेही तास-दीड तास. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह पार्किंगमधल्या एका लहान खोलीत होता. ए विंगवाले म्हणायचे, बी विंगवाले गुपचूप जाऊन पाणी आपल्याकडे वळवतात. बी विंगवाले तेच ए विंगबद्दल म्हणायचे. शेवटी मीटिंग झाली, खोलीला लोखंडी दार बसलं आणि दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप. नंबर कुणी ठेवायचा, तर दोन्ही विंगांचा विश्वास असलेल्या माणसाने. अभिमन्यू त्या मीटिंगला सर्वांत कमी बोलला होता, म्हणून त्याची निवड झाली. नंबर त्याला ठाऊक आणि वॉचमन मायाप्पाला ठाऊक. मायाप्पा पाणी आलं की खोली उघडायचा, व्हॉल्व्ह फिरवायचा. तो भाचीच्या लग्नाला अक्कलकोटच्या बाजूला आपल्या गावी गेला होता. मी नसताना नंबर तुम्हीच द्या बरं का, असं तो अभिमन्यूला सांगून गेला होता, आणि अभिमन्यूने हो म्हटलं होतं.

"मायाप्पाचा फोन?" वैष्णवीने विचारलं.

"उचलत नाही. लग्नात वाजंत्री असणार, त्याला कुठलं ऐकू येतंय."

"अन् सरांचा?" उदयसिंहांनीच उलट विचारलं.

"विमानात," वैष्णवी म्हणाली.

"जादा किल्ली असेल की कुलपाची," तीच पुढे म्हणाली.

"आहे ना," उदयसिंह म्हणाले. "हरवू नये म्हणून मीच नीट खिळ्याला लावून ठेवलीय. आतल्या भिंतीवर."

पार्किंगमध्ये पंधरा-वीस माणसं जमली होती. लोखंडी दारापलीकडे पाइपात पाणी आल्याचा सूं आवाज स्पष्ट ऐकू येत होता, आणि तो ऐकून सगळ्यांचा जीव खालीवर होत होता. एकाने कुलूपवाल्याला फोन लावला होता. तो म्हणाला, दुपारी येतो. दुसऱ्याने हातोडा आणला होता, पण दार उदयसिंहांनीच करून घेतलं होतं, कारखान्याच्या गोदामाला शोभेल असं. हातोड्याने दाराचा रंग तेवढा उडाला.

एका खुर्चीवर गोजरबाई बसल्या होत्या. मंगळवेढ्याकडच्या, गेल्या वर्षी लेकाकडे राहायला आलेल्या. त्या वैष्णवीला बघून म्हणाल्या, "नाव अभिमन्यू आन् सोता भायेर जाऊन बसला. आत कसं जायचं ते आमाला कळंना झालंय."

लोक हसले. वैष्णवीलाही हसू आलं, आणि लाजही वाटली.

"किती अंकी आहे नंबर?" तिने विचारलं.

"दहा. मी चार वेळा दाबून बघितला," उदयसिंह म्हणाले. एकापासून शून्यापर्यंत ओळीने, मग उलट, मग स्वतःचा मोबाइल नंबर, मग अभिमन्यूचा. "पाचव्यांदा चुकलं की कुलूप तासभर बंद पडतं. म्हणजे आता एकदाच दाबता येणार."

चौथ्या मजल्यावरच्या नागम्मा पुढे आल्या. सिव्हिल हॉस्पिटलात नर्स होत्या आणि रात्रपाळी करून थेट या गर्दीत सापडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मीटिंगमध्ये सरांनी काहीतरी सांगितलं होतं की. हा नंबर विसरला तरी शोधून काढता येतो, असं. मी ऐकलं नाही नीट. तेव्हा वडे आले होते."

"म्या ऐकलं," गोजरबाई म्हणाल्या. "मला वडं चालत न्हाईत. तो म्हनला, शून्यापासनं नवापातुर सगळं आकडं येतात आन् येकेकदाच येतात. पंगतीत कसं, येकाला येकच पाट."

हे ऐकलं आणि वैष्णवीला तलाव आठवला. बदकं आठवली, भेळेचा कागद आठवला, आणि शेजारी हातवारे करणारा अभिमन्यू. तो म्हणत होता, डावीकडून पहिले दोन अंक घे, त्यांना दोनाने भाग जातो. तीन घे, तीनाने जातो. चार घे, चाराने. असं करत दहाच्या दहा घेतलेस तर दहाने. आणि अशी संख्या जगात एकच आहे, वैष्णवी, एकच.

तो 'एकच' म्हणताना किती खूश होता, तेही तिला आत्ता आठवलं.

"खडू आहे का कुणाकडे?" ती म्हणाली.

खडू नव्हता, पण कुणीतरी रांगोळीचा डबा आणला. वैष्णवीने पार्किंगच्या फरशीवर दहा चौकोन काढले आणि अभिमन्यूची अट मोठ्याने सांगितली. पुन्हा सांगितली. तिसऱ्यांदा सांगताना तिची तिलाच नीट कळली.

"दहाने भाग जायचा म्हणजे शेवटी शून्य," उदयसिंह लगेच म्हणाले. त्यांनी स्वतः वाकून शेवटच्या चौकोनात शून्य काढलं आणि कंबर धरून सरळ झाले.

"आणि पहिल्या पाचांना पाचाने भाग जायचा, तर पाचवा अंक पाच नाहीतर शून्य," वैष्णवी म्हणाली. "शून्य संपलं. म्हणजे पाच."

दोन चौकोन भरले. गर्दी थोडी जवळ सरकली. मघापर्यंत जो तो दाराकडे बघत होता, आता फरशीकडे बघायला लागला.

नागम्मांची झोप उडाली होती. त्या म्हणाल्या, "दोन, चार, सहा, आठ, यांनी भाग जायचा तर शेवटचा अंक सम लागतो. म्हणजे दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागेवर सम अंकच बसणार."

"आणि सम अंक राहिलेत चारच," वैष्णवी म्हणाली. "दोन, चार, सहा, आठ. म्हणजे एक, तीन, सात, नऊ उरलेल्या जागांवर."

"बाई बापय, बाई बापय, असं येकाआड येक बसवलंय व्हय," गोजरबाई म्हणाल्या.

आता वैष्णवीला रद्दीत गेलेली पुस्तकं एकेक पान करून आठवू लागली. चाराने भाग जातो का हे बघायला शेवटचे दोनच अंक पुरतात. तिसरा अंक विषम आहे. विषम अंकापुढे चार किंवा आठ ठेवला तर चाराने भाग जात नाही. चौदाला जात नाही, अठराला जात नाही, चौतीसला नाही. दोन किंवा सहा ठेवला तर जातो. बारा, सोळा, बत्तीस. म्हणून चौथ्या जागी दोन किंवा सहा. आठव्या जागेचंही तसंच, कारण जिला आठाने भाग जातो तिला चाराने जातोच.

"मग चार आणि आठ कुठं गेले?" उदयसिंहांनी विचारलं.

"दुसऱ्या आणि सहाव्या जागेवर. दुसरीकडे जागाच नाही त्यांना."

पाइपातला सूं आवाज चालूच होता. कुणीतरी म्हणालं, लवकर करा, पाणी जाईल. त्याला नागम्मांनी गप्प बसवलं, वॉर्डातल्या नातेवाइकांना बसवावं तसं.

"तीनाची कसोटी," वैष्णवी म्हणाली. "अंकांची बेरीज करायची. तिला तीनाने भाग गेला तर संख्येला जातो. पहिल्या तिघांच्या बेरजेला जातो, सहाने भाग जातो म्हणून पहिल्या सहांच्या बेरजेलाही जातो, तर मधल्या तिघांच्या बेरजेलाही जायला पाहिजे. चौथा, पाचवा, सहावा. मधे पाच आहे." तिने बोटावर मोजलं. चौथा दोन असला तर सहावा आठ, दोन-पाच-आठ, पंधरा. चौथा सहा असला तर सहावा चार, सहा-पाच-चार, पुन्हा पंधरा. दुसरं काही जमत नव्हतं.

तिने चौकोनांच्या खाली आणखी दहा चौकोन काढले. वरच्या ओळीत मधे दोन-पाच-आठ लिहिलं, खालच्या ओळीत सहा-पाच-चार. सम अंक दोन्हीकडे जागच्या जागी बसले. आता चार विषम अंक तेवढे लावायचे होते.

आठाची कसोटी म्हणजे शेवटच्या तीन अंकांना आठाने भाग. नागम्मांनी मोबाइल काढला आणि एकेक करून पाहिलं. मग पुन्हा तीनाची कसोटी, पहिल्या तिघांसाठी. वैष्णवी बोलत होती, दोन मुली रांगोळीने लिहीत होत्या, आणि ज्या संख्या बसत नव्हत्या त्या उदयसिंह चपलेने पुसत होते. वरच्या ओळीतून दोन संख्या उरल्या. खालच्या ओळीतून आठ.

"नवाचं राह्यलं की," गोजरबाई म्हणाल्या.

वैष्णवीने क्षणभर विचार केला. एकापासून नवापर्यंतची बेरीज पंचेचाळीस. कुठल्याही क्रमाने लिहा, पंचेचाळीसच राहणार, आणि पंचेचाळीसला नवाने भाग जातो. "नवाचं आपोआप झालं, आजी," ती म्हणाली. "त्याला काही करावंच लागत नाही." आणि हे सांगताना तिला एकदम बरं वाटलं. घासाघीस न करता भाजीवालीने वर कोथिंबीर टाकावी, तसं.

"मग दहांपैकी एक दाबून बघू," उदयसिंह म्हणाले.

"नको," नागम्मा आणि वैष्णवी एकदम म्हणाल्या.

"सात उरलाय," वैष्णवी म्हणाली. "साताला सोपी कसोटी मला माहीत नाही. सरळ भागच घालायचा. पहिल्या सात अंकांना सातानं."

तिने दहा संख्यांचे पहिले सात-सात अंक फरशीवर सुटे लिहिले आणि एकेक वाटून दिला. कुणी मोबाइलवर, कुणी मनात. उदयसिंहांनी खिशातलं पेन काढून तळहातावर भागाकार मांडला. मोबाइलवर माझा विश्वास नाही, म्हणाले. ए विंग आणि बी विंगची माणसं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून खाली मान घालून उभी होती.

"माझ्यात बाकी सहा," पहिला आवाज आला.

"दोन उरले."

"माझ्यात पाच. पुन्हा केलं, पाचच."

"चार."

एकेक संख्या पुसली जात होती. वैष्णवीच्या वाट्याला आलेली ९८७६५४३ तिला फार आवडली होती, ओळीने उतरत गेलेली, पण तीत पाच उरले. शेवटी नागम्मा आणि उदयसिंह राहिले.

"सहा उरले," उदयसिंह तळहाताकडे बघत म्हणाले. त्यांचा चेहरा पडला.

नागम्मांनी मोबाइल वैष्णवीपुढे धरला. ३८१६५४७ भागिले सात. उत्तर पाच लाख पंचेचाळीस हजार दोनशे एकवीस. पुढे टिंब नाही, काही नाही.

वैष्णवीने फरशीवर पुढचे अंक लिहिले. सातानंतर दोन, मग उरलेला एकटा नऊ, मग शून्य. ३८१६५४७२९०. तिने पहिल्यापासून पुन्हा ताडून पाहिलं. अडतीसला दोनाने जातो. तीनशे एक्याऐंशीला तीनाने जातो. तीन हजार आठशे सोळाला चाराने. ती मोठ्याने म्हणत गेली तसे लोकही तिच्यामागून म्हणू लागले.

"तुम्हीच दाबा, वहिनी," उदयसिंह म्हणाले.

"वैष्णवी," ती म्हणाली. "माझं नाव वैष्णवी."

कुलपासमोर उभी राहिल्यावर मात्र तिने फरशीवरच्या आकड्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. समजा अभिमन्यूने शेवटच्या क्षणी दुसराच नंबर ठेवला असेल तर? मग तिला वाटलं, छे. ज्या माणसाने होणाऱ्या बायकोला भेळेसोबत ही संख्या खाऊ घातली, तो दुसरी ठेवणारच नाही. तिने एकेक अंक दाबला. शून्य दाबल्यावर कुलूप थोडं थांबलं. मग आतून खट् झालं.

उदयसिंह आत शिरले, त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला, आणि पाणी टाकीत कोसळल्याचा आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे घाईघाईने आपापल्या घरी पळाले, पिंपं आणि बादल्या भरून ठेवायला. गोजरबाई तेवढ्या खुर्चीवर बसून होत्या.

"पोरी, वाच की मला तो आकडा. दोन-दोन करून वाच."

"अडतीस, सोळा, चोपन्न, बहात्तर, नव्वद."

"अडतीस सोळा, चोपन्न बाहत्तर, नव्वद," गोजरबाई म्हणाल्या. त्यांनी ते ओवीसारखं चालीवर घेतलं आणि दोन-तीनदा म्हणून पाहिलं. "लई झाक बसतंय."

दुपारपर्यंत ते सगळ्या जिन्यात ऐकू यायला लागलं. कुलपाचा नंबर आता ए विंग, बी विंग, कचरा न्यायला येणारी बाई आणि समोरचा इस्त्रीवाला, सगळ्यांना पाठ होता. नंबर बदलायला हवा, असं उदयसिंह दोन दिवस म्हणत राहिले. मग नागम्मा म्हणाल्या, सगळ्यांनाच माहीत असेल तर चोरून उघडणार कोण? नंबर तसाच राहिला.

मायाप्पाचा फोन दुपारी आला. जेवणं उरकली होती आणि त्याला तेवढे सगळे मिस्ड कॉल एकदम दिसले होते. वैष्णवीने विचारलं, सकाळी तुम्ही फोन उचलला असता तर तुम्हाला नंबर सांगता आला असता का?

मायाप्पा म्हणाला, "खरं सांगू का म्याडम? बोटाला म्हाईत हाय, तोंडाला न्हाय. कुलपाफुडं हुबं राह्यल्याबिगर मला येत न्हाय तो."

अभिमन्यूचा फोन संध्याकाळी आला. पहिलं विमान, धावतपळत गाठलेलं दुसरं विमान, मग टॅक्सी. नंबर द्यायचं विसरलो हे त्याला ढगांच्या वर गेल्यावर आठवलं होतं, आणि तिथून काही करता येत नव्हतं. "किती शिव्या दिल्या मला?" त्याने विचारलं.

"थोड्या. मग वेळच मिळाला नाही."

"मायाप्पा लागला का फोनवर?"

"नाही. आम्ही काढला नंबर."

अभिमन्यूने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काढला म्हणजे?"

मग वैष्णवीने सांगायला सुरुवात केली. शून्य कसं बसलं, पाच कसा बसला, बाई-बापय कसे बसले. ती गॅलरीत उभी राहून सांगत होती, एका हाताने हातवारे करत. समोरच्या गॅलरीतून नागम्मांनी हात केला, तिने बोलता बोलताच उलट हात केला. साताच्या भागाकारापर्यंत आल्यावर अभिमन्यू म्हणाला, "दहाच उरले होते?"

"दहाच. आणि नऊ जणांच्यात बाकी उरली. मला तर वाटलं होतं, दोघांचं तरी जमेल. नागम्मांचं जमलं नसतं तर रडूच आलं असतं."

"मी पहिल्यांदा केलं तेव्हा रात्रभर झोपलो नव्हतो," अभिमन्यू म्हणाला. "तुला सांगितलं होतं तलावावर."

"माझं लक्ष नव्हतं तेव्हा."

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "तरी सांगितलं. थांबताच आलं नाही."

दोघं हसले. मग तिने भांडी आवरायच्या वेळी डोक्यात आलेली गोष्ट विचारली. अंक पुन्हा वापरायची मुभा दिली, तर दहानंतर अकराने, बाराने, असं पुढे जाता येईल का? की ते कुठेतरी थांबतं?

"थांबतं," अभिमन्यू एकदम उत्साहात म्हणाला. "बरंच लांब जातं, पण थांबतं. कुठे थांबतं माहितीये का, ऐक..."

"नको, सांगू नको," वैष्णवी म्हणाली. "तू आधी जेवून घे. मी बघते."

तिने फोन ठेवला, आत जाऊन दिवा लावला आणि त्याच्या टेबलावरची पेन्सिल घेऊन बसली.